हीट पंपाला बांधलेलं घर

आमच्या स्कारदालमध्ये माणसाला दोन गोष्टींवरून जोखतात. एक, लाकडाची रास कशी रचली आहे. आणि दोन, खिडकीबाहेरचा थर्मामीटर किती खाली उतरतो. रास विस्कटलेली दिसली की त्या घरात काहीतरी वेगळं घडतंय असं समजायचं. आणि थर्मामीटर उणे तिसालाही पोचत नसेल, तर पाहुण्यांसमोर मान खाली घालायची. आमच्या ग्राममंडळाची अध्यक्ष बोर्गहिल्ड हिनं तर आपला थर्मामीटर नदीकाठच्या खड्ड्यात लावून ठेवलाय. थंडी खड्ड्यात साचते म्हणे. डोंगरापलीकडच्या ओस्बू गावाचा आकडा रेडिओवर आमच्यापेक्षा एका अंशानं जरी जास्त थंड निघाला, तरी तिला दिवसभर जेवण जात नाही.

अशा गावात मी, आस्ता, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी घराला हीट पंप बसवला. देवळात जाऊन मोठ्यानं शिंकल्यासारखं झालं.

हौस म्हणून नव्हे हो. मागच्या मार्चात सरपणाची टोपली घेऊन येताना अंगणातल्या बर्फावर घसरले. टोपली शाबूत, मनगट मोडलं. माझा मुलगा आयविन द्रामेनहून चार तास गाडी हाणत आला आणि फोनवर मला एका फ्लॅटचे फोटो दाखवायला लागला. त्याच्या घराजवळ, तिसरा मजला, जमिनीखालून गरम होणारी फरशी, खिडकीतून दिसतं ते गाड्या लावायचं आवार.

"लिफ्ट आहे, आई."

"असेल. मला कुठं वर जायचंय?"

"आई."

एवढंच म्हणाला. त्याचा बाप पेडरही असाच होता; एक शब्द बोलला की समजायचं, विषय संपला. मी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. या घरात मी नवी नवरी म्हणून आले, आयविन इथं रांगला, पेडर इथून गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसते ती माझी आहे, अशी माझी समजूत आहे. ती सोडून मी गाड्या बघत बसू?

शेवटी तहावर आलो. घराला हीट पंप बसवायचा. मी एकही ओंडका उचलायचा नाही. हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड दिवशी आयविन येणार, लोखंडी शेगडी विझलेली असणार, आणि संध्याकाळच्या सातच्या बातम्या लागतील तेव्हा बैठकीच्या खोलीत निदान अठरा अंश असले पाहिजेत. असले, तर मी राहणार. नसले, तर वसंतात फ्लॅट. मी मान्य केलं. दुसरं करणार काय होते?

यंत्र बसवायला आलेला तरुण घाईत होता. आत भिंतीवर एक लांबट पांढरी पेटी, बाहेर पंख्याची मोठी पेटी, मध्ये नळ्या, झालं. निघताना म्हणाला, "बाहेरच्या पेटीवर बर्फ साचू देऊ नका." हे वाक्य मी ऐकलं आणि कुंपणावर कोपरं टेकून उभ्या असलेल्या हालवोरनंही ऐकलं. तरुण पुढंही काही सांगत होता, पण तोवर हालवोर इतक्या मोठ्यांदा हसायला लागला की ते त्या हसण्यात वाहून गेलं.

हालवोर म्हणजे माझा शेजारी. सुतार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पेडर गेल्यापासून दर शरद ऋतूत माझी लाकडं तोच फोडतो, तोच रचतो, आणि गाडाभर लाकडामागं एक कप कॉफी घेतो. लाकडाच्या मानानं कॉफी जरा जास्तच होते, हे गावाला दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण मी कपांचा हिशेब ठेवणारी बाई नाही.

"काय रे दात काढतोस?"

"हा डबा बाहेरच्या उणे तिसातून ऊब काढणार?"

"काढणार."

"म्हणजे रिकाम्या बरणीतून हेरिंग मासा."

"तुझ्या फ्रीजच्या मागं हात लावून बघ. आत गार, मागं गरम. आतली ऊब ओढून मागं टाकतो म्हणूनच ना? हा तसाच. बाहेरच्या हवेत उरलीसुरली जी ऊब असते ती ओढून मला देणार आणि थंडी बाहेर फेकणार."

"म्हणजे तू स्कारदाल आणखी गार करणार."

"करीन की. बोर्गहिल्ड पेढे वाटल्यासारखी वाफल वाटेल."

तो हसला, पण निघताना माझ्या लाकडाच्या राशीकडे बघून गेला. मागच्या वर्षीची रास तशीच उभी होती, तिला आता कुणी हात लावणार नव्हतं. त्यानंतर तो कॉफीला आलाच नाही. लाकूड नाही तर कॉफी कशाच्या नावावर घ्यायची, असं त्या गाढवाला वाटलं असावं. मीही बोलावलं नाही. माझंही नाक काही लहान नाही. नुसता त्याच्या कामाच्या खोलीतून हातोडीचा आवाज यायचा, दिवसचे दिवस.

पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवशी तो घसरगाडी ओढत माझ्या अंगणात आला. गाडीवर एक घर होतं.

खरंच घर. माझंच घर, फक्त कमरेएवढं. तांबडा रंग, पांढऱ्या चौकटी, छपरावर गवत रुजलेली माती, धुराडं. खिडक्यांना आत लाकडाचे कोरलेले पडदे, त्यांना चुण्यासुद्धा. समोर दुपाखी दार आणि त्याला कोयंडा.

"हालवोर, हे काय?"

"तो म्हणाला ना, बर्फ साचू देऊ नका."

"म्हणून घर?"

"मग काय, बिचाऱ्यानं उघड्यावर राहायचं?" आणि मग घाईघाईनं, "मला त्या डब्याचं काही नाही. भिंत भुंडी दिसत होती."

खाली शहरात लोक या पेट्यांना पट्ट्यापट्ट्यांची झाकणं करतात, हे मी पाहिलं होतं. मी तसं म्हणूनही बघितलं. हालवोरनं नाक मुरडलं. त्याच्या मते पट्ट्या म्हणजे ज्याला सांधा जमत नाही त्याची पळवाट. त्याच्या सांध्यांतून सुईसुद्धा जाणार नाही, हे त्यानं मला चारही कोपऱ्यांवर बोट फिरवून दाखवलं. मग मी कॉफी केली. किटली दोनदा भरावी लागली.

डिसेंबर असा गेला की मला माझीच दृष्ट लागावी. सकाळी उठायचं तर फरशी कोमट. राख काढणं नाही, फुंकणं नाही, धुराचे डोळे नाहीत. अनवाणी स्वयंपाकघरात जायचं, रेडिओ लावायचा, आणि कुणी बघत नाही ना ते बघून जरा नाचायचं. एकदा बोर्गहिल्डनं खिडकीतून बघितलं. मी नाचतच राहिले. थांबले असते तर जास्त वाईट दिसलं असतं. त्या छोट्या घराचं दार दिवसरात्र उघडं असायचं, पंखा मांजरासारखा गुरगुरायचा, आणि रोज अंधारून आलं की हालवोर झाडू घेऊन यायचा, त्या दारासमोरचा बर्फ झाडायचा. मग अर्थातच कॉफी.

गावाला मात्र हे पटत नव्हतं. लोक यायचे, माझ्या बैठकीत कोट काढून बसायचे, घाम पुसायचे आणि दुःखी व्हायचे. त्यांचा रुसवा मला कळत होता. आमच्या थंडीत जर एक डबा टिकत असेल, तर ती थंडी काय लायकीची?

"अजून खरी थंडी पडलीच कुठं?" बोर्गहिल्ड म्हणाली. "उणे अठरा. असल्या हवेत माझी आजी पोहायची."

"तुझी आजी बुडाली होती ना?"

"ते उन्हाळ्यात."

जानेवारीत ती खरी थंडी आली. आधी उणे पंचवीस, मग अठ्ठावीस. रेडिओनं शनिवारी त्याहून खाली जाईल म्हणून सांगितलं. आयविनचा फोन आला, शनिवारी येतो. बोर्गहिल्डचाही फोन आला: शनिवारी ग्राममंडळाची सभा माझ्या घरी, विषय एकच, यंत्र मरताना बघणं. "तू काही करू नकोस, केक आम्ही आणतो." मी हो म्हणाले. आमच्याकडे केक आणणाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही.

त्या आठवड्यात संध्याकाळी झाडण्याचा आवाज संपला की बाहेर कोयंडा वाजायचा. खट्. मी विचारलं तर हालवोर म्हणाला, "थंडी वाढली की मेंढ्या आत घेतो ना आपण, तसं. दार लावून घेतो." शुक्रवारी तर त्यानं आत गवतही कोंबलं, उबेला. मला इतकं गोड वाटलं की विचारू नका. डब्याला शिव्या देणारा माणूस डब्याला पांघरूण घालत होता, आणि ते कुणासाठी हे न कळण्याइतकी मी तरुण नव्हते.

फक्त त्या रात्री मला दुसरा स्वेटर घालावा लागला. मी कुणाला बोलले नाही.

शनिवारी दुपारी अख्खं गाव लोटलं. क्रीमचा केक, पातळ मऊ भाकऱ्यांत गुंडाळायचे सॉसेज, तपकिरी चीज, आणि कुणीतरी चक्क फुलांचं चक्र आणलं होतं, त्याच्या फितीवर लिहिलं होतं, 'प्रयत्न केलास'. बाहेर उणे बत्तीस. माझ्या बैठकीत तीसएक माणसं खांद्याला खांदा लावून उभी. आयविन आला, त्यानं स्वतःचा थर्मामीटर भिंतीवर टांगला, चष्मा लावून बघितलं आणि वळला.

"तेवीस."

मी टाळी वाजवली.

"आई, ही ऊब यंत्राची नाही. ही यांची." त्यानं सभेकडे बोट केलं. "तीस माणसं म्हणजे तीस शेगड्या. हे धरता येणार नाही. सगळ्यांनी बाहेर व्हा."

"उणे बत्तिसात?" बोर्गहिल्डनं विचारलं.

"तुम्हाला तर आवडतं ना?"

सगळे टोप्या चढवून, केक घेऊन अंगणात गेले आणि माझ्या खिडक्यांना नाकं लावून उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी अंगणाच्या मधोमध शेकोटी पेटवली, माझ्याच राशीतल्या लाकडांची. हालवोरचा आवाज आत ऐकू येत होता. "डावीकडून काढा. मधून ओढू नका रे, मधून काय ओढता, जंगलात वाढलात का?"

आत मी आणि आयविन. शेगडी विझलेली. भिंतीवरची पेटी फुस्स करत होती, पण त्या फुस्समध्ये दम नव्हता. तेवीसचे एकवीस झाले. मग एकोणीस. आयविन वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होता. मी विणत असल्याचं. चार वाजून गेले तेव्हा माझ्या विणकामाला एक बाही जास्त झाली होती.

"सतरा," आयविन म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, "सोळा."

त्याला जिंकायचं नव्हतं, हे मला त्याच्या कानांवरून कळत होतं. लहानपणापासून वाईट वाटलं किंवा खोटं बोलला की त्याचे कान तांबडे होतात. आता ते शेकोटीसारखे दिसत होते. "आई, फ्लॅटपासून चालत वाचनालय आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "असेल." नदी अंधारात दिसत नव्हती, तरी मी खिडकीशी गेले.

काचेपलीकडे बोर्गहिल्ड होती, भुवयांवर बर्फ जमलेला. तिनं हातमोजा हलवून विचारलं, किती? मी दहा बोटं दाखवली आणि मग सहा. तिनं वळून ओरडून सांगितलं, आणि अंगणात आरोळी उठली. थंडी जिंकत होती. कुणीतरी टोपी उडवली. मग बोर्गहिल्डनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. आणि मी पाहिलं की तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हळूहळू शेकोटीभोवतीची तोंडं उतरली. इतके दिवस त्यांना यंत्र हरायला हवं होतं. यंत्र हरलं तर आस्ता जाते, हे बहुतेक त्या क्षणापर्यंत कुणाच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. आमची माणसं वाईट नाहीत, जरा सावकाश आहेत.

"आई," आयविन दुसऱ्या खिडकीतून बघत म्हणाला, "हालवोर त्या घराला कोट का घालतोय?"

मी बघितलं. हालवोर नुसत्या स्वेटरवर होता. त्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट त्यानं छोट्या घराच्या छपरावर पसरला होता आणि आता गळ्यातला मफलर सोडून तो धुराड्याभोवती गुंडाळत होता.

"यंत्राला थंडी वाजू नये म्हणून," मी म्हणाले आणि मला हसू आलं. रडू येत असताना जे हसू येतं ते. "वेडा आहे. फ्रीजला कुणी पांघरूण..."

आणि तिथंच माझं हसू अडकलं. फ्रीज. ऊब ओढून घेतो, थंडी बाहेर फेकतो. मीच सांगितलं होतं की त्याला, अक्कल शिकवल्यासारखं. बाहेर फेकतो, पण बाहेर ठेवलंच कुठं होतं आम्ही? दार बंद. सांध्यांतून सुई जात नाही. वर गवत कोंबलेलं. बिचारं यंत्र त्या कोंडलेल्या घरात बसून आपणच ओकलेली थंडी परत गिळत होतं.

मी सपातांवरच धावले. मागून आयविन माझा कोट घेऊन, "आई, हाड मोडेल, आई."

"हालवोर, दार उघड त्याचं."

"आता?" तो दोन्ही हात पसरून घराच्या आडवा आला. "मरेल ते."

"गुदमरतंय ते. त्याला बाहेरची हवा लागते, हालवोर. कितीही गार असली तरी बाहेरची. तिच्यातूनच ते ऊब काढतं. आत कोंडलंस तर काढणार कशातून?"

मग त्यानं हातमोजा काढून दाराच्या फटीपाशी हात धरला, म्हणजे जिथं फट असायला हवी होती तिथं. "वारा येत नाही," तो म्हणाला. "जरासुद्धा येत नाही." आणि हळूच, "सांधे फारच चांगले बसले म्हणायचे."

कोयंडा बर्फानं गोठला होता. दार चौकटीत गोठलं होतं. छपराची माती दगड झाली होती. आयविन म्हणाला, करवत आणू का, खिळे काढू का, घर वाचवता येईल. हालवोरनं घड्याळाकडे बघितलं आणि शेकोटीपाशी पडलेली कुऱ्हाड उचलली.

"मी बांधलंय. मीच उघडतो."

पडदे कोरायलाच त्याला किती संध्याकाळी लागल्या असतील, देव जाणे. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी कुऱ्हाडीकडे बघितलं. आधी दार गेलं, मग दर्शनी भिंत, मग छप्पर एका बाजूला कललं आणि धुराडं मफलरसकट बर्फात पडलं. यंत्राला त्यानं धार लागू दिली नाही. गवत हातांनी ओढून काढलं. आत पेटी कसली, बर्फाचा ठोकळा होता, आणि त्या ठोकळ्याच्या आतून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

मग तोही थांबला.

पंखा थांबला, गुरगुर थांबली, अंगणात फक्त शेकोटीची तडतड राहिली. कुणीतरी टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या, उणे बत्तिसात. हालवोर कुऱ्हाडीवर हात ठेवून उभा राहिला. ते फुलांचं चक्र कुणीतरी पुढं आणून अगदी आदरानं पेटीला टेकवलं. बोर्गहिल्डनं घसा साफ केला आणि मर्तिकाला म्हणतो ते भजन सुरू केलं, आणि गावानं सूर धरला.

दुसऱ्या ओळीला यंत्रानं मोठ्यानं सुस्कारा टाकला. पेटीतून पांढऱ्या वाफेचा एवढा लोट उठला की पुढच्या रांगेतली माणसं मागच्यांच्या अंगावर पडली. बर्फ तडकला, घळाघळा पाणी वाहायला लागलं, चक्राची फीत भिजली. नंतर कळलं की ही यंत्राची रीतच आहे. अंगावर बर्फ चढला की ते जरा थांबतं, स्वतःला शेकून तो वितळवतं आणि पुन्हा कामाला लागतं. कोंडल्यामुळं त्याला तेही धड जमत नव्हतं. तेव्हा हे ठाऊक नसल्यामुळं आम्हाला वाटलं, आता फुटतं. मग वाफ विरली आणि पंखा फिरायला लागला, आधी कुथत, मग सरळ.

भजन मात्र कुणी थांबवलं नाही. स्कारदालमध्ये भजन अर्ध्यावर सोडत नाहीत. सगळी कडवी झाली, फक्त शेवटची दोन जरा नाचऱ्या चालीवर गेली.

आयविननं मला आत ओढून नेलं, पायांना घोंगडी गुंडाळली. खोली पंधरावर आली होती. आम्ही दोघं भिंतीवरच्या पेटीकडे बघत बसलो, जशी माणसं पाळण्याकडे बघत बसतात. वारा कोमट झाला. मग गरम. सोळा. बाहेर काचांवर नाकांची रांग, आणि प्रत्येक अंशाला मी बोटं दाखवायची. सतरा झाले तेव्हा बोर्गहिल्डनं काचेला मुका दिला आणि तिचा ओठ चिकटला. तो सोडवायला कोमट कॉफी ओतावी लागली. आकडा मग तिथंच अडून बसला. बातम्यांना पाच मिनिटं राहिली तरी घोडं तिथंच पेंड खात होतं.

बातम्यांचं संगीत लागलं. आयविन उठला, चष्मा पुसला, थर्मामीटरला नाक लावलं. मला इथून आकडा दिसत नव्हता.

"अठरा," तो म्हणाला.

मी आधी त्याचे कान बघितले. पांढरे होते. म्हणजे खरंच अठरा.

मी त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि या वेळी नंतर चिडले नाही. तो म्हणाला, "आई, पण फार थंडीत शेगडीही पेटवत जा जोडीला. यंत्रानं एकट्यानं किती धावायचं? लाकडं मात्र तू नाही आणायची." मी म्हटलं, बघू कोण आणतं ते.

तेवढ्यात बाहेरून हंबरडा ऐकू आला. रेडिओनं आकडे सांगितले होते: ओस्बू उणे तेहतीस, स्कारदाल उणे बत्तीस. बोर्गहिल्ड सुजलेला ओठ घेऊन तरातरा आत आली.

"हे यंत्र थंडी बाहेर टाकतं म्हणतेस ना? मग आपला आकडा का नाही वाढला?"

"ती थंडी हालवोरनं घरात कोंडून ठेवली होती ना."

"हालवोर," ती म्हणाली, आणि ईस्टरपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

केक संपला, शेकोटी बसली, लोक पांगले. आयविनही निघाला, अशा थंडीत गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी सुरू व्हायची नाही. मी कोट चढवून बाहेर आले. हालवोर फुटक्या फळ्या गोळा करत होता. तांबड्या एकीकडे, पांढऱ्या चौकटी एकीकडे, टोकाला टोक जुळवून. मोडलेल्या घराचीही तो रास रचत होता. एक कोरलेला पडदा धड राहिला होता, तो त्यानं माझ्या हातात दिला.

"सरपणाला चांगलं आहे," तो म्हणाला. "वाळलेलं."

"हं."

"तुला आता लाकूड लागायचं नाही फारसं. घर मी फोडलं. बर्फासाठी वरून नुसती एक फळी ठोकली की झालं, आयविन म्हणत होता." तो फळीची कड अंगठ्यानं चाचपत राहिला. "म्हणजे संध्याकाळी यायला काही काम उरलं नाही."

किती वर्षं या माणसानं लाकडं आणली, बर्फ झाडला, घर बांधलं, पण नुसता म्हणून कधी आला नाही. मीही नुसतं म्हणून कधी बोलावलं नाही. आज दुपारी मी हे अंगण जवळजवळ गमावलं होतं, आणि अंगणाबरोबर त्यातला हा उभा बावळटही. फ्लॅटच्या खिडकीतून नदी दिसली नसती ते एक वेळ चाललं असतं.

"दार लावायला येत जा," मी म्हणाले.

"कुठलं दार?" त्यानं राशीकडे बोट केलं. "ते तर इथं पडलंय."

"माझं. आणि आतून लावायचं."

हालवोरच्या हातातली फळी राशीवर पडली आणि अख्खी रास घरंगळली, तांबड्या-पांढऱ्या सगळ्या एकात एक. तो ती उचलायला वाकला. मी त्याची बाही धरली. रास तशीच विस्कटलेली राहिली. सकाळी बोर्गहिल्डनं ती कुंपणावरून पाहिली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ओस्बूलाही कळलं होतं.